खडकीचं लगीन

उधवा, ता. तलासरी
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय संगिता,

शेजारच्या भिकीच्या लग्नात तू सहा वर्षांची होतीस. गेरूने सारवलेल्या भिंतीवर बाया लग्नाचा चौक काढत होत्या आणि मी मागे बसून तांदळाचं पीठ कालवत होते, वाट्या भरून पुढे सरकवत होते. तू माझ्या मांडीवरून उठलीस, पिठात बोट बुडवलंस आणि विचारलंस, "आई, तू का नाही काढत? तुझं चित्र तर छान येतं." मी म्हटलं, "भिंतीवर माझा हात थरथरतो." तू ते बोट माझ्या नाकाला पुसलंस आणि खेळायला पळालीस. पीठ वाळलं, तरी मी नाक पुसलं नाही.

माझा हात कधीच थरथरत नव्हता. सिस्टरांच्या बोर्डिंगात चित्रकलेचं बक्षीस मला तीनदा मिळालंय. पण चौक काढायचा तो लगीन लागलेल्या बाईने, आणि माझं लागलेलं नव्हतं. हे तुला अकरा वर्षांपूर्वी कळलं, तुझी सुपारी फोडायच्या दिवशी, भरल्या अंगणात. बाबा सगळ्यांसमोर खोटं बोलले. त्यानंतर तू मनीषबरोबर सुरतेला निघून गेलीस ती आजपर्यंत या घरात आली नाहीस.

आज लिहिते आहे ते आमंत्रण आहे. शनिवारी, एक मार्चला, माझं आणि तुझ्या बाबांचं लगीन आहे.

हसू नकोस, किंवा हस. पाड्यावर सगळे हसतातच. पोरं झाल्यावर लगीन लावणं आपल्यात काही नवं नाही, पण नवरा सत्तर वर्षांचा आणि नवरी त्रेसष्टची, म्हणजे आम्ही जरा जास्तच वेळ घेतला. आईबापाचं लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही, म्हणून विनोद आणि सुनिताही आमच्यापायी इतकी वर्षं तसेच राहिले. आता ती दोघंही त्याच मांडवात बसतील. सुनिता म्हणते, "सासूच्या आधी हळद लावायची नाही मला, म्हणजे सासू किती मोठी बघा." विनोदला डीजे हवा आहे. बाबा म्हणाले, "गुडघ्याचं आपरेशन आधी कर माझं, मग लाव डीजे."

मांडव बाबा स्वतः घालत आहेत. काल शिडीवर चढले होते. मी ओरडले तर वरून म्हणाले, "मास्तरीण, मी ब्रह्मपुत्रेवर पूल बांधलाय. हा मांडव आहे."

भिंती तीन सारवल्या आहेत. एक आमच्यासाठी, एक विनोदसाठी. तिसरी बाबांनी सारवायला सांगितली. कोणासाठी ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तू, मनीष आणि शितल या. मांडवात बसायचं की नाही ते इथे आल्यावर ठरवा. मला एवढंच हवं आहे की तू बाबांशी बोलावंस. दिवाळीला फोनवर आपण दोघी बोलतो तेव्हा ते दाराबाहेर उभे असतात, एवढं तुला सांगून ठेवते.

तुझी
आई


उधवा
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय संगिता,

उत्तर आलं नाही. विनोद म्हणतो, हल्ली पत्र कोण लिहितं, व्हॉट्सअॅप कर. पण तुझ्या बाबांशी माझा अर्धा संसार पत्रांवर झाला. मला जे बोलायचं असतं ते कागदावरच बोलता येतं.

तुला माहीत असलेले बाबा म्हणजे एक खोटं बोललेला माणूस. त्याच्या आधीचेही थोडे आठवून बघ, म्हणून लिहिते.

पलटणीत गेले तेव्हा ते चौथी शिकलेले होते. पहिली काही वर्षं त्यांची पत्रं साताऱ्याचा एक जोडीदार लिहून द्यायचा. प्रत्येक पत्र 'कळविण्यास आनंद होतो की' असं सुरू व्हायचं. ताप आला तरी कळविण्यास आनंद व्हायचा. मग मी पत्रासोबत अक्षरं गिरवायचे कागद पाठवू लागले. ते गिरवून परत पाठवायचे, मी लाल शाईने तपासून पुन्हा धाडायचे. त्यांच्या साहेबाने एकदा विचारलं म्हणे, "वरठा, ही तुझी बायको आहे का हेडमास्तर?" तू चालायला लागलीस त्या सुमारास त्यांचं पहिलं स्वतः लिहिलेलं पत्र आलं. तीनच ओळी होत्या. 'भात किती झालं. संगिता चालते का. मी पूल बांधतो.' माझ्याकडे आहे ते अजून.

चोवीस वर्षांची नोकरी संपवून आले त्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावर गेले. तिथला हातपंप दोन वर्षं बंद होता आणि बाया नाल्यावरून पाणी आणत होत्या. संध्याकाळी घरी आले ते चिखलाने माखलेले. म्हणाले, "परक्या गावांत पूल बांधत बसलो आणि इथे एका वॉशरसाठी बाया मैलभर चालतात." तेव्हापासून वीस वर्षं सायकलच्या कॅरिअरला पाइपपाना आणि साखळी बांधून कोचाई, करजगाव, झरी, जिथे पंप बंद तिथे हवालदार. रविवारी बोर्डीच्या चिकूवाडीत मोटारी बघायला जायचे. येताना बाजारात न चालणारे डागी चिकू टॉवेलात बांधून आणायचे. तू म्हणायचीस, डाग पडलेलेच गोड लागतात.

तू डहाणूला नर्सिंगला होतीस तेव्हा भेटायची वेळ चारची असायची. ते दोनला जाऊन फाटकाशी उभे राहायचे. मी म्हटलं, दोन तास कशाला उभं राहायचं, तर म्हणाले, "उशीर झाला तर पोरगी खिडकीत बघत राहील." तू खिडकीत बघायचीस का ते मला माहीत नाही. पण ते उभे असायचे.

आणि तुझी आठवीतली लाल सायकल. दर दसऱ्याला पाना, कोयता, साखळी यांच्याबरोबर ती ओळीत उभी राहते, तिला हळद-कुंकू लागतं. अकरा वर्षांत तिचे टायर तीनदा बदलले. कोणी एकदाही चालवलेली नाही. विनोदने एकदा विचारलं, "बाबा, विकून टाकू का?" ते म्हणाले, "तुला विकू का?"

आज त्यांनी मांडवाजवळचा पंप उघडला आहे, पाव्हण्यांना पाणी पुरायला हवं म्हणून. दाबताना आवाज करतो तर म्हणतात, "म्हातारा झालाय, माझ्यासारखा. तेल दिलं की गप्प बसेल."

मला अजून एक लिहायचं होतं, पण आज होत नाही. डोळे दुखतात.

आई


उधवा
१५ फेब्रुवारी २०२५

संगिता,

डोळे दुखत नव्हते. धीर होत नव्हता.

खडकीच्या लग्नाचं खोटं बाबांचं नाही. ते माझं आहे.

आता सगळं ओळीने सांगते. १९८३ च्या दिवाळीनंतर मी या घरात राहायला आले. भात बरं पिकलं की लगीन लावू, असं ठरलं होतं. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही. जूनमध्ये सिस्टरांच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली. पहिल्या दिवशी सिस्टर बेनिताने माझ्या गळ्यातली पोत पाहिली आणि खूश होऊन विचारलं, "जयवंती, लग्न केलंस आणि आम्हाला बोलावलं नाहीस?"

त्या सिस्टरने मला सातव्या वर्षापासून वाढवलं होतं. केस विंचरायला, भरतकाम करायला, खरं बोलायला तिने शिकवलं. लगीन न लावता एका घरात राहते, हे तिला कसं सांगू, ते मला सुचेना. तोंडातून निघालं, "सुट्टी कमी होती सिस्टर, खडकीला पलटणीच्या मंदिरात झालं." पंधरा दिवसांनी तिने मला स्वतः विणलेला पांढरा टेबलक्लॉथ दिला, लग्नाचा आहेर म्हणून. आपल्या टेबलावर असायचा तोच. तू त्यावर शाई सांडली होतीस तेव्हा मी तुला मारलं होतं. आयुष्यात तेवढं एकदाच.

बाबा सुट्टीवर आले, त्यांनी तो पाहिला आणि विचारलं कोणी दिला. मी सगळं सांगितलं आणि रडले. ते आधी हसले. मग म्हणाले, "बरं. आपलं खडकीला झालं. मी दुसरं कोणाला सांगणार नाय, शब्द देतो." पलटणीच्या कागदांत माझं नाव बायको म्हणून खडकीच्याच हापिसात लागलं होतं, म्हणून अगदीच खोटं नाही, असं मी मनाला सांगायचे.

पुढे दरवर्षी उन्हाळ्यात ते विचारायचे, "या साली लावू या?" आणि मी काहीतरी काढायचे. परीक्षा आहेत. घराचं छप्पर आधी. विनोद लहान आहे. इथे तीन दिवस ढोल वाजले असते तर तलासरीला सिस्टरच्या कानावर गेलंच असतं, आणि तिने विचारलं असतं, मग खडकीला काय झालं होतं? पाड्यावर लोक त्यांनाच बोलायचे. पलटणीतला माणूस, पण लगीन म्हटलं की हात आखडतो. ते ऐकून घ्यायचे. घरी येऊन मला सांगायचेही नाहीत. मला भिकीकडून कळायचं.

आता तुझ्या सुपारीचा दिवस. तो तुला तुझ्या बाजूने आठवत असेल, माझ्या बाजूने ऐक. मनीषचे चिमणमामा खाटेवर बसले होते. सिस्टर बेनिता माझ्या शेजारी खुर्चीवर होती, मीच तिला हौसेने बोलावलं होतं. चिमणमामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हवालदार, तुमचं लगीन लागलंय ना?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे बघितलं. तेवढ्यात मला बोलता आलं असतं. मी पदर नीट केला.

"लागलंय," ते म्हणाले. "खडकीला."

लाडकीआजी भिंतीला टेकून बसली होती. आपल्या पाड्यावर तिच्या गाण्याशिवाय एकही लगीन लागलेलं नाही. ती म्हणाली, "खडकीला कोणी गायलं रं? लगीन लावणारी धवलेरी मी. मी तर नाय गायलं." लोक हसले. चिमणमामा हसले नाहीत. "चौक कोणी काढला? साक्षीला कोण होतं?" मामा उठले. "लगीन राहिलंय म्हणाला असतास तर एका मांडवात दोन जोड्या बसवल्या असत्या. माझंही पोरं झाल्यावरच लागलंय. पण खोटं बोलणाऱ्याच्या घरची पोरगी नको आम्हाला."

आणि तू पुढे येऊन म्हणालीस, "बाबा, खरं सांगा." ते म्हणाले, "मी सांगितलं ते सांगितलं."

तू मनीषचा हात धरून चालत फाट्यापर्यंत गेलीस. त्यांनी तुला हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर खरं सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं तू फोनवर म्हणत आलीस, "त्या माणसाने एका दिवसाच्या मोठेपणासाठी माझं लगीन मोडलं," आणि मी 'हूं' म्हणत राहिले. पहिल्या खोट्यापेक्षा तो 'हूं' मला जास्त जड जातो.

डिसेंबरात मी वसईला गेले. सिस्टर आता म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात असते, नव्वदीची आहे. मी मनाशी पाठ करून गेले होते, काय बोलायचं ते. तिने मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, शाळा सांगितली, तरी नाही. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मुली जेवल्या का?" मी म्हटलं, "जेवल्या, सिस्टर." जिला कळेल म्हणून चाळीस वर्षं भीत राहिले, तिच्याकडे ते ठेवायला जागाच उरली नव्हती.

घरी आले तर बाबा अंगणात साखळीला तेल लावत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "लगीन लावू या." ते म्हणाले, "कोणाचं?"

हे पत्र वाचून तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी ऐकून घेईन. पण त्यांच्याशी बोल. तुझा अबोला त्यांच्या वाट्याचा नव्हता.

आई


उधवा
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय संगिता,

काल विनोदच्या फोनवर मनीषचा फोन आला. म्हणाला, पत्र वाचून झाल्यावर तू एकच विचारलंस, "आईने मला सांगितलं, ते बाबांना माहीत आहे का?"

नव्हतं माहीत. तुझा प्रश्न आला म्हणून आज सांगितलं.

ते पंपाखाली बसले होते. मी म्हटलं, "संगिताला मी खडकीचं सगळं लिहून कळवलं." त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पाना दे." मी दिला. नट आवळून झाला, दांडा दोनदा दाबून बघितला, पाणी आलं. तोंड धुतलं. मग म्हणाले, "शब्द मी दिला होता. तू तोडलास. मी नाय तोडला." मी म्हटलं, "हो." तर म्हणाले, "मग ठीक आहे." आणि पुन्हा तोंड धुतलं. तीन वेळा धुतलं त्यांनी तोंड.

तू येणार की नाही, ते मनीषने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. रजा मिळायला त्रास होतो, हे मला ठाऊक आहे.

इकडची तयारी अशी. पहिल्या दिवशी आमचा चौक पाड्यावरच्या बाया काढतील, लाडकीआजी गाईल. तिला आता दिसत नाही, पण गाणं सगळं पाठ आहे. आमचं लागलं की विनोदच्या भिंतीवर चौक काढायला मी बसेन. पीठ कालवायला दुसऱ्या कोणालातरी बसवा, असं मी आधीच सांगून ठेवलंय.

संध्याकाळी बाबांनी काळी पेटी अंगणात ओढून आणली. म्हणाले, "नव्या नवऱ्याकडे जुनं सामान बरं दिसत नाय. कागद घे, लिही कोणाला काय द्यायचं." मी म्हटलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे नाय. हात चालतात तोवर हातानंच द्यावं." म्हणून त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. तुलाही कळवते.

काळी पेटी विनोदला. आत मेडलं आहेत ती तशीच राहू द्यायची, त्यांच्यावर बिलं ठेवायची नाहीत.

पलटणीचं कांबळं लाडकीआजीला. तिला थंडी वाजते, आणि त्या दिवशी अंगणात खरं बोललेली ती एकटीच होती.

पाइपपाना आणि साखळी मनीषला. "तो फिटर आहे, त्याला कळेल. पण चिमणमामांच्या देखत द्यायचा." चिमणमामांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं आणि खोटं कोणाचं होतं तेही सांगितलं. बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, "ताडी कोणाच्या झाडाची आहे?" म्हणजे येतील.

लाल सायकल शितलला. सीट खाली करून ठेवली आहे. नऊ वर्षांच्या पोरीची उंची किती असते, म्हणून त्यांनी भिकीच्या नातीला उभं करून मापलं.

सिस्टरचा टेबलक्लॉथ माझा, तो मी द्यायचा. धुऊन इस्त्री केला आहे, शाईचा डाग गेला नाही. लग्नाच्या दिवशी तो लाडकीआजीच्या पूजेच्या सुपाखाली अंथरायचा. ज्या लग्नासाठी विणला त्याला एकदा तरी लागू दे. नंतर सुनिताला.

त्यांच्या पत्रांचं गाठोडं कोणाला द्यायचं ते मी विचारलं. ते म्हणाले, "ती कोणाला दाखवू नको, त्यात तुझ्या लाल शाईच्या खुणा आहेत." म्हणजे ती माझ्याकडेच राहतील.

मग मी कागदावर तुझं नाव लिहिलं आणि विचारलं, "संगिताला काय लिहू?" ते पेटीच्या कडीला तेल देत होते. कडीला एवढं तेल लागत नाही. सुनिता आतून म्हणाली, "बाबा, भात करपतोय, लवकर सांगा." तेव्हा म्हणाले, "मोकळं ठेव. ती आली की तिलाच विचारू."

तुझ्या नावापुढे मोकळं ठेवलं आहे.

आई